ब्लेंडर अगदी शून्यापासून शिकायचंय: सहावीच्या मुलांसाठी चंद्राच्या कला

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चंद्राच्या कला शिकवताना मी फळ्यावर वर्तुळं काढते, वर्गात अंधार करून बॅटरी आणि चेंडूचा प्रयोगही करते. मुलांना तो आवडतो. पण त्यात एक गोष्ट जमत नाही. वरून पाहिलं तर चंद्र नेमका कुठे आहे, आणि त्याच क्षणी आपल्या अंगणातून तो कसा दिसतो, ही दोन्ही चित्रं एकाच वेळी दाखवता येत नाहीत. त्यामुळे बऱ्याच मुलांच्या डोक्यात "पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो" हेच पक्कं बसतं. मोठी माणसंसुद्धा असंच सांगतात.

मला हे दोन्ही देखावे शेजारी-शेजारी हलताना दाखवायचे आहेत. त्रिमितीय सॉफ्टवेअर मी आजवर उघडलेलंही नाही. पॉवरपॉइंट येतं, मोबाइलवर व्हिडिओ कापता-जोडता येतो, एवढंच. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्यातल्या ब्लेंडरचं नाव ऐकलंय. ते खरंच फुकट आहे का? पुढे मध्येच पैसे मागणार नाही ना? आणि सुरुवात कुठून करू?

मुक्तस्रोत

पैशांचं आधी सांगतो. ब्लेंडर फुकट आहे आणि तसंच राहील. ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे त्याचा कोड एकदा लोकांच्या हाती आला तो आलाच. नेदरलँड्समधल्या टॉन रोझेनडालने १९९४मध्ये आपल्या ॲनिमेशन स्टुडिओसाठी ते लिहायला घेतलं. पुढे त्यावर कंपनी निघाली, ती बुडाली, आणि २००२ साली गुंतवणूकदारांनी कोड मोकळा करायला १ लाख युरो मागितले. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत ती रक्कम उभी केली. तेव्हापासून ॲमस्टरडॅमची ब्लेंडर फाउंडेशन ते सांभाळते. मार्च २०२५मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळालेला 'फ्लो' हा लॅटव्हियाचा चित्रपट ब्लेंडरमध्येच केलाय. तेव्हा फुकट म्हणजे कमअस्सल असेल, ही शंका मनात ठेवू नका.

फक्त ब्लेंडर डॉट ऑर्ग या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्या. शोधलं की वर जाहिरातीत दुसरीच संकेतस्थळं येतात.

चौकोनी जाळी

ताई, तुम्ही निवडलेला विषय नवशिक्यासाठी इतका चांगला आहे की मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी जाहिरातींसाठी त्रिमितीय कामं करतो. लोक पहिल्याच दिवशी माणूस, गाडी किंवा अख्खा वाडा करायला घेतात आणि आठवडाभरात सोडून देतात. तुम्हाला हवेत दोन गोल, एक दिवा आणि एक कॅमेरा. मॉडेलिंग, म्हणजे आकार घडवणं, जवळजवळ नाहीच. पण प्रकाश, मटेरियल (वस्तूचा पृष्ठभाग), कीफ्रेम (हालचालीचे ठरवलेले टप्पे), पेरेंटिंग (एक वस्तू दुसरीला बांधणं), कॅमेरा, रेंडर (शेवटचं चित्र काढणं) हे सगळं यात येतं. शेंडीपासून पायापर्यंत एक काम पूर्ण होतं.

लॅपटॉप चालेल. ८ जीबी ही किमान गरज आहे आणि तुमचं काम हलकं आहे. मात्र तीन बटणांचा साधा वायरवाला माउस घ्याच. ब्लेंडरमध्ये चाकाचं बटण दाबून माउस हलवला की दृश्य फिरतं, शिफ्टसोबत दाबलं की सरकतं, चाक फिरवलं की जवळ-लांब होतं. टचपॅडवर हे करताना माणूस वैतागतो आणि दोष सॉफ्टवेअरला देतो. कळफलकावर उजवीकडे आकड्यांच्या वेगळ्या कळा नसतील तर एडिट, प्रेफरन्सेस, इनपुटमध्ये 'एम्युलेट नमपॅड' चालू करा. मग वरच्या ओळीतला १ समोरून, ३ बाजूने, ७ वरून आणि ० कॅमेऱ्यातून दाखवतो.

आता प्रत्यक्ष काम.

उघडल्यावर मध्ये एक ठोकळा दिसेल. तो निवडून एक्स दाबून काढून टाका. शिफ्ट-ए, मेश, यूव्ही स्फिअर. ही पृथ्वी, त्रिज्या १. राइट क्लिक करून 'शेड स्मूद' करा, म्हणजे पैलू दिसणार नाहीत. पुन्हा शिफ्ट-ए करून दुसरा गोल घ्या. एस दाबा, ०.२७ टाइप करा, एंटर. हा चंद्र. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी, चंद्राचा ३,४७४, म्हणून ०.२७. मग जी, एक्स, ६, एंटर. चंद्र एक्स अक्षावर ६ एकक लांब गेला. ब्लेंडरची जवळजवळ सगळी भाषा याच वळणाची आहे: आधी काय करायचं, मग कुठल्या अक्षावर, मग किती. जी म्हणजे सरकवणं, आर फिरवणं, एस लहान-मोठं करणं. ही तीन अक्षरं बोटांत बसली की निम्मी भीती जाते.

दिवा आधीच ठेवलेला असतो. तो निवडून उजवीकडच्या हिरव्या बल्बच्या खुणेत त्याचा प्रकार 'सन' करा. लगेच सगळं पांढरंफटक होईल, कारण साध्या दिव्याची १००० ही ताकद सूर्याला तशीच लागू होते. ती ३ करा. एन दाबून जो पट्टा उघडतो त्यात दिव्याचं रोटेशन ०, ९०, ० लिहा. आता ऊन एक्सच्या धन बाजूकडून येतं. सन दिव्याचे किरण समांतर असतात. त्यामुळे तो कुठे ठेवलाय याला काही अर्थ नाही, तो कुठे तोंड करून आहे एवढंच महत्त्वाचं. तुमच्या विषयाला हे अगदी चपखल आहे.

वर्ल्डच्या खुणेत रंग काळा करा. मुळात तो राखाडी असतो आणि त्या उजेडात चंद्राची अंधारी बाजूही फिकट दिसत राहते.

एवढं जमलं की कळवा, हलवायचं पुढे सांगतो.

तिरपी रेघ

मी थोडी वेगळ्या मताची आहे. मी चित्रकार, पुण्यात मुलांच्या पुस्तकांची चित्रं करते आणि त्रिमितीत उशिरा आले. थेट आपल्या कामाला हात घातला की ते काम होतं, पण मध्ये खड्डे राहतात. ऑब्जेक्ट मोड आणि एडिट मोड यांतला फरक न कळता लोक महिनोन्‌महिने काम करतात आणि मग एक दिवस "माझा एक ठोकळा निवडला की दुसरा का हलतो" म्हणून अडतात. (दोन्ही वस्तू एडिट मोडमध्ये केल्यामुळे ती एकच वस्तू झालेली असते.) जगभर नवशिके डोनट घडवायच्या ज्या व्हिडिओ धड्याने सुरुवात करतात तो याचसाठी बरा. त्यात मॉडेलिंगपासून रेंडरपर्यंत सगळं क्रमाने येतं.

फक्त कुठलाही धडा पाहताना त्याची आवृत्ती बघा. जुलै २०१९मध्ये २.८ आली तेव्हा दिसणं, बटणं, डाव्या-उजव्या क्लिकचा अर्थ, सगळंच बदललं. त्याआधीचे धडे पाहून शिकायला गेलात तर शिकवणारा दाबतो ते बटण तुमच्याकडे सापडणारच नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातही ब्लेंडरची मालिका आहे, मांडणी संथ आणि समजावून सांगणारी, पण ती याच जुन्या काळातली. संकल्पना समजायला पाहा, बटणं शोधायला नको.

चौकोनी जाळी

तिरपी रेघ, मोडचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ताई, टॅब दाबला की वस्तूच्या आत शिरतो, पुन्हा दाबला की बाहेर येतो. नवीन वस्तू घेताना आपण बाहेर, म्हणजे ऑब्जेक्ट मोडमध्ये आहोत ना, हे डाव्या वरच्या कोपऱ्यात वाचायची सवय लावा.

पण डोनट आधी करायला मी ताईंना सांगणार नाही. दुसऱ्याच्या मागे मागे बटणं दाबून डोनट होतो, छान दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडली की हात थांबतात. आपल्याला काय हवंय हे आधी ठाऊक असेल तर प्रत्येक बटण कशासाठी शिकलो ते लक्षात राहतं. धडा नंतर पाहा. तेव्हा त्यातलं दुप्पट कळेल.

तिरपी रेघ

ज्याची त्याची पद्धत. शिक्षकांना आपलं ध्येय माहीत असतं हे मान्य. बारावीतल्या मुलाला मात्र मी आधी धडाच करायला लावेन.

गिरणाकाठ

झालं! माउस आणला. दोन गोल, सूर्य, काळं आकाश. पृथ्वीची आणि चंद्राची सूर्याकडची बाजू उजळलेली दिसते. एवढंच चित्र वर्गात दाखवलं तरी "दोघांचाही अर्धा भाग कायम उजेडात असतो" हे मुलांना दिसेल. आता चंद्र फिरवायचा कसा?

चौकोनी जाळी

शिफ्ट-ए, एम्प्टी, प्लेन ॲक्सेस. ही मध्यभागी येणारी अदृश्य खुंटी आहे, रेंडरमध्ये दिसत नाही. आधी चंद्र निवडा, मग शिफ्ट धरून एम्प्टी निवडा, कंट्रोल-पी, ऑब्जेक्ट. आता एम्प्टी फिरली की चंद्र तिच्याभोवती फिरेल.

फ्रेम १वर एम्प्टीच्या झेड रोटेशनच्या आकड्यावर माउस नेऊन आय दाबा. आकडा पिवळा होईल, म्हणजे कीफ्रेम बसली. फ्रेम २४१वर जा, तिथे ३६० लिहून पुन्हा आय. शेवटची फ्रेम २४० ठेवा, कारण २४१वी पहिलीसारखीच आहे आणि ती ठेवली तर फिरत्या व्हिडिओत दर फेरीला हलका अडखळा जाणवतो.

चालवून पाहिलंत तर चंद्र हळू सुटेल, मध्ये वेग घेईल, शेवटी पुन्हा मंदावेल. ब्लेंडर आपण होऊन वेग असा गोलाईने बदलतो. हात हलवणाऱ्या माणसाला ते शोभतं, चंद्राला नाही. टाइमलाइनमध्ये दोन्ही कीफ्रेम निवडा, टी दाबा, 'लिनिअर' घ्या.

आणि एक बघाच: चंद्रावर काही खूण केलीत तर ती खूण कायम पृथ्वीकडेच राहते. चंद्र खुंटीला बांधलाय म्हणून त्याचं स्वतःभोवती फिरणं आणि पृथ्वीभोवती फिरणं एकाच वेळात होतं. आकाशातही तसंच आहे, म्हणून आपल्याला चंद्राची एकच बाजू दिसते.

अवकाशवेडा

वा, हा धागा माझ्या गल्लीत आला! २४० फ्रेम हा आकडा तर फारच सुरेख पडलाय. तिथी म्हणजे काय? चंद्र आणि सूर्य यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी. ३० तिथी गुणिले १२, ३६० अंश. तुमच्या ॲनिमेशनमध्ये सूर्याची दिशा स्थिर आहे, तेव्हा एक फेरी म्हणजे अमावास्या ते अमावास्या, साडेएकोणतीस दिवसांचा चांद्रमास. (ताऱ्यांच्या संदर्भात चंद्राची फेरी २७.३ दिवसांत होते. ते सहावीत नको.) २४० फ्रेम भागिले ३०, म्हणजे प्रत्येक तिथीला बरोबर ८ फ्रेम. फ्रेम १वर चंद्र सूर्याकडे, म्हणजे अमावास्या संपून शुद्ध प्रतिपदा सुरू. आपला महाराष्ट्रातला महिना अमावास्येलाच संपतो, तेव्हा तुमचा व्हिडिओ म्हणजे थेट आपला एक महिना. फ्रेम ६१ला ९० अंश, बरोबर अर्धा चंद्र, आणि तो पडतो शुद्ध अष्टमीच्या मध्यावर. फ्रेम १२१ला पौर्णिमा.

मुलांना कालनिर्णय उघडून बसवा आणि आजची तिथी कुठल्या फ्रेमला येते ते काढायला सांगा. गणितही होईल.

खऱ्या आकाशात चंद्राचा वेग सारखा नसतो, कक्षा लंबवर्तुळाकार आहे. म्हणून तिथी कधी २० तासांच्या आसपास संपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. एखाद्या तिथीत सूर्योदयच पडत नाही, ती क्षयतिथी. एखादीत दोन पडतात, ती वृद्धितिथी. कुणी चुणचुणीत मुलाने "पंचांगात मधली तिथी गायब का" विचारलं तर उत्तर तयार असू द्या.

गिरणाकाठ

अवकाशवेडा सर, तिथीचं गणित ऐकून मी थक्क झाले. हे मला कुणीच असं सांगितलं नव्हतं.

आता अडचण. वरून पाहायला कॅमेरा ०, ०, ३५ वर ठेवला, रोटेशन शून्य. चंद्र छान फिरतो. पण पौर्णिमेच्या सुमाराला तो काळा पडतो! फ्रेम ११३ला कडेने खायला सुरुवात होते, ११७ ते १२५ पूर्ण काळा, १२९नंतर मोकळा. म्हणजे पौर्णिमाच दिसत नाही. आणि ज्या गैरसमजासाठी हा खटाटोप, नेमकी तीच पृथ्वीची सावली चंद्रावर पडतेय.

अवकाशवेडा

ताई, तुमच्या लॅपटॉपवर दर महिन्याला खग्रास चंद्रग्रहण लागतंय! अमावास्येच्या फ्रेमला नीट बघा, पृथ्वीवर चंद्राचा काळा ठिपकाही पडलेला असेल. ते सूर्यग्रहण.

खऱ्या आकाशात दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही? चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे म्हणून. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. तुमच्या फाइलमध्ये कक्षा सपाट आहे. तेव्हा ५ अंश कल द्या.

गिरणाकाठ

दिला. एम्प्टीला वाय रोटेशन ५ लिहिलं. ग्रहण तरीही लागतंच. शिवाय चंद्र आता एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली जायला हवा ना? तो पूर्ण फेरी एकाच पातळीत करतोय, फक्त पृथ्वीच्या मध्यापासून थोडा खालून.

चौकोनी जाळी

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकेक करून.

पातळीचं: एकाच वस्तूला वाय आणि झेड दोन्ही फिरवणं दिलं की ब्लेंडर ते ठरावीक क्रमाने करतो, आधी एक्स, मग वाय, शेवटी झेड. म्हणजे चंद्र आधी ५ अंश खाली झुकला आणि मग त्याच उंचीवर गोल फिरला. उपाय असा की दुसरी एम्प्टी घ्या. पहिलीचं वाय पुन्हा शून्य करा, दुसरीला पहिलीची पेरेंट करा, आणि कल दुसरीला द्या. आतली फिरते, बाहेरची कललेली राहते. यंत्रांची, घड्याळांची, माणसाच्या खांद्या-कोपराची हालचाल याच युक्तीने करतात. एक वस्तू एकच काम करेल अशी साखळी लावायची.

सावलीचं अवकाशवेडा सांगतील, पण मी आकडा काढला. ६ एकक अंतरावर ५ अंशांनी चंद्र जेमतेम ०.५२ वर-खाली होतो. पृथ्वीची त्रिज्या १ आहे. तो सावलीतच राहणार.

अवकाशवेडा

बरोबर पकडलंत! आणि हाच या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग आहे. अंतर खोटं आहे. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किमी आहे, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट. ताईंनी तो ६ वर ठेवलाय, दहापट जवळ. एक्समध्ये ६० लिहा आणि मग तोच ५ अंशांचा कल पाहा. चंद्र आता पाच एककांहून जास्त वर-खाली जातो आणि सावलीच्या आसपासही फिरकत नाही. कल खरा आणि अंतरही खरं, दोन्ही असेल तरच दर महिन्याचं ग्रहण टळतं. पाठ्यपुस्तकात चंद्र जवळ काढलेला असतो, म्हणून ५ अंशांनी काय होणार, हे कुणाला पटत नाही.

(एवढंच की समांतर किरणांची सावली जाडीला सगळीकडे सारखी राहते. खरी सावली निमुळती होत जाते, चंद्राच्या अंतरावर तिची रुंदी सुमारे ९,००० किमी उरते.)

सिडनीकर

मध्येच डोकावतो. आम्ही इथे दक्षिण गोलार्धात राहतो. माझी मुलगी सुट्टीत भारतात आली तेव्हा आजीच्या अंगणातून चंद्र पाहून म्हणाली, "हा उलटा आहे." आपल्याकडे शुद्ध पक्षात उजवी बाजू उजळते, इथून डावी दिसते. गिरणाकाठ ताईंची फाइल तयार झाली की कॅमेरा त्याच्या अक्षावर १८० अंश फिरवला की आमचं आकाश मिळेल. कृपया फाइल द्याल का? इथल्या मराठी शाळेत लावायला आवडेल.

गिरणाकाठ

नक्की देईन.

६० वर नेऊन पाहिलं. ग्रहण गेलं, पण सगळा देखावा मावेपर्यंत कॅमेरा लांब नेला तर पृथ्वी बारीक ठिपका झाली, चंद्र तर शोधावा लागतो. तेही मुलांना एकदा दाखवणार आहे, कारण इतकी पोकळी मध्ये आहे हे मलाही असं दिसलं नव्हतं. पण कला शिकवायला ते चालणार नाही.

चौकोनी जाळी

मग दोन फाइली करा. एकीत खरं अंतर आणि खरा कल, ग्रहणाच्या धड्यासाठी. दुसरीत अंतर ६, कक्षा सपाट, आणि पृथ्वी निवडून ऑब्जेक्टच्या नारिंगी चौकोनाच्या खुणेत व्हिजिबिलिटी, रे व्हिजिबिलिटीमधली 'शॅडो'ची खूण काढा. पृथ्वी दिसेल, तिची स्वतःची रात्रही दिसेल, पण ती चंद्रावर सावली टाकणार नाही. चंद्राचंही तसंच करा म्हणजे अमावास्येचा ठिपका जाईल.

मुलांना मात्र स्पष्ट सांगा की इथे अंतर लहान केलंय आणि सावली बंद केलीय. एका अर्थाने तुमचा गैरसमजाचा प्रश्न इथेच सुटतो: सावली पूर्ण बंद आहे आणि तरी कला दिसताहेत. याहून मोठा पुरावा कुठला?

गिरणाकाठ

हे वाक्य मी वर्गात जसंच्या तसं वापरणार.

चौकोनी जाळी

आता अंगणातला देखावा. दुसरा कॅमेरा ०, ०, ० वर ठेवा, म्हणजे पृथ्वीच्या पोटात. त्याला कन्स्ट्रेंटमधून 'ट्रॅक टू' लावा, टार्गेट चंद्र, म्हणजे तो कायम चंद्राकडे तोंड करून राहील. फोकल लेंग्थ १५० करा, नाहीतर चंद्र टिकलीएवढा दिसेल. हा देखावा रेंडर करताना आउटलाइनरमध्ये (वस्तूंच्या यादीत) पृथ्वीपुढची कॅमेऱ्याची खूण बंद करा, नाहीतर तिचं पोटच दिसेल. शुद्ध पक्षात उजवीकडून उजळत जाणारी कोर दिसली की सगळं बरोबर बसलंय असं समजा. डावीकडून उजळली तर चंद्र उलटा फिरतोय, ३६०च्या जागी उणे ३६० पडलंय का पाहा.

चंद्राचा चेहरा हवा असेल तर नासाने त्रिमितीय कलाकारांसाठीच 'सीजीआय मून किट' नावाचा संच ठेवलाय. २००९मध्ये सोडलेल्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाच्या मोजणीतून तो तयार केलाय. त्यातला सगळ्यात लहान रंगीत नकाशा घ्या, मोठे तुमच्या रॅमला झेपणार नाहीत. मटेरियलमध्ये बेस कलरला 'इमेज टेक्स्चर' जोडा, रफनेस १ करा. नंतर चंद्र झेडवर फिरवून ओळखीचा ससा आपल्याकडे येईल असं बसवा.

रेंडर ईव्हीमध्ये करा, सायकल्समध्ये नको. ही ब्लेंडरची दोन रेंडर इंजिनं, पहिलं झटपट, दुसरं संथ. हिशेब सांगतो. एका फ्रेमला ३ सेकंद लागली तर २४० फ्रेम १२ मिनिटांत होतात. सायकल्समध्ये ४० सेकंद लागली तर तेच २ तास ४० मिनिटं. आणि थेट व्हिडिओ न काढता पीएनजी चित्रांची मालिका काढा. मध्येच वीज गेली तर व्हिडिओची फाइल निकामी होते. चित्रं असली की जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं.

अकरावी ब

दादा, मी हा धागा सुरुवातीपासून वाचतोय, मागे मागे करूनही पाहतोय. मला पुढे याच क्षेत्रात जायचंय. क्लास लावू का? क्लासवाले माया शिका म्हणतात.

चौकोनी जाळी

मुंबई-पुण्याच्या मोठ्या स्टुडिओंत माया, हुडिनी, न्यूक ही दुसरी सॉफ्टवेअरं चालतात, हे खरं. पण प्रकाश कुठून येतो, वजन कसं दिसतं, हालचालीत कुठे थांबायचं, हे ब्लेंडरमध्ये शिकलेलं दुसरीकडे जसंच्या तसं कामी येतं. बटणं महिन्या-दोन महिन्यांत बदलतात. आधी घरी ब्लेंडरवर तीन-चार लहान कामं शेवटपर्यंत ने. क्लास बघायचाच असेल तर मोठमोठी पोस्टरं सोड, तिथून शिकून गेलेल्या मुलांची शोरील, म्हणजे निवडक कामांचे व्हिडिओ, दाखवा म्हणावं. आणि सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक रोटो (चित्रातली वस्तू कडेने कापून वेगळी करणं), मॅचमूव्ह (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल जुळवणं) अशा फ्रेममागून फ्रेम करायच्या कामाच्या असतात, ते आवडेल का याचा विचार कर.

तिरपी रेघ

आणि रोज चित्र काढ, हात थांबवू नकोस. बसस्टॉपवरची माणसं, गल्लीतली कुत्री, भाजीवाल्याचे हात. सॉफ्टवेअर बदलेल, पाहण्याची नजर तुझी राहील.

गिरणाकाठ

दोन्ही देखावे रेंडर झाले. आता त्यावर तिथीची नावं हवीत. ब्लेंडरमध्ये मजकूर टाकून देवनागरी फाँट जोडला, पण 'पौर्णिमा' लिहिलं की वेलांटी मागे जाते आणि रफार सुटून पाय मोडलेला र दिसतो. फाँट बदलून पाहिले, तेच.

तिरपी रेघ

फाँट ठीक आहेत, ताई. माझ्याकडे ४.२ आहे आणि त्यातही असंच होतं. ब्लेंडरचा मजकूर एकेक अक्षर सुटं मांडतो. देवनागरीत अक्षरं एकमेकांत मिसळतात, मागे-पुढे होतात, तो भाग त्याला जमत नाही. मी इंकस्केप वापरते, तेही फुकट आहे. तिथे शब्द नीट लिहायचा, पाथ मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करायचं, एसव्हीजीमध्ये साठवायचं, आणि ब्लेंडरमध्ये इम्पोर्ट करायचं. अक्षर आता आकार झालेलं असतं, मोडत नाही. येताना फार बारीक येतं, त्यामुळे 'आलंच नाही' असं वाटतं. निवडून एसने मोठं करा. मी पुस्तकांच्या शीर्षकांची जाड, उठावदार अक्षरं अशीच करते.

तुम्हाला मात्र ३० नावं सपाटच हवी आहेत. तेव्हा इंकस्केपमधून पारदर्शक पीएनजी काढा आणि ब्लेंडरच्या व्हिडिओ एडिटिंगमध्ये चित्रांच्या वर एकेक ठेवा, प्रत्येक ८ फ्रेम लांब. तिथेच दोन्ही देखावे डावी-उजवीकडे बसवता येतील. शब्द चंद्राच्या खाली ठेवा, वर नको, म्हणजे नजर आधी चंद्राकडे जाईल. आणि रंग पांढरा न घेता थोडा मंद पिवळा घ्या, चंद्राशी स्पर्धा नको.

गिरणाकाठ

झालं, तिरपी रेघ ताई. 'पौर्णिमा' आता पौर्णिमेसारखी दिसते.

आज वर्गात लावलं. पहिल्यांदा नुसतं दाखवलं, दुसऱ्यांदा अष्टमीला थांबवून विचारलं, सावली कुठे आहे? एक मुलगी उठून पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, सावली नाही बाई, आपण त्याला बाजूने बघतोय. मग कालनिर्णयावरून फ्रेम काढायचा खेळ झाला. प्रत्येकाला आपल्या वाढदिवसाची तिथी हवी होती. तास संपला तरी कुणी उठेना.

केंद्रातल्या बाकी शिक्षकांनी फाइल मागितलीय, सिडनीकरांनाही द्यायची आहे. मी पेन ड्राइव्हवर दिली तर एका सरांकडे चंद्र गुलाबी दिसला. असं का?

चौकोनी जाळी

फार आनंद झाला वाचून.

गुलाबी म्हणजे चंद्राचा नकाशा सापडत नाही. ब्लेंडर फाइलमध्ये चित्र साठवत नाही, ते कुठे आहे तेवढा पत्ता साठवतो. सरांच्या संगणकावर तो पत्ताच नाही. फाइल मेनूत एक्स्टर्नल डेटा, 'पॅक रिसोर्सेस' करा आणि मग फाइल साठवा. नकाशा आत जाईल आणि कुठेही उघडली तरी चंद्र जागेवर असेल. सोबत नकाशा नासाचा आहे अशी एक ओळ लिहा. खरं अंतर असलेली दुसरी फाइलही त्यांना द्या, नुसत्या पहिलीने ग्रहणाचा धडा अर्धा राहील.